कुठल्या देशात किती मोकळीक? ड्रग्जच्या कायद्यांची तुलना कशी करायची

नेदरलँड्समध्ये सगळं चालतं आणि सिंगापूरमध्ये डायरेक्ट फाशी, एवढ्यावर लोक अख्ख्या देशाचं स्वातंत्र्य मोजून मोकळे होतात. तुलना करायचीच असेल तर 'लीगल आहे का' हा प्रश्न आधी सोडा, फार ढोबळ आहे तो.

कागदावर चार रकाने पाडा: सेवन, जवळ बाळगणं, पिकवणं, विकणं. आता एकेक देश भरत जा. नेदरलँड्समध्ये गांजा कागदोपत्री आजही बेकायदाच आहे बरं का, फक्त १९७६ पासून थोड्या मालाकडे काणाडोळा करायचं धोरण आहे, त्यामुळे कॉफीशॉपवाला (तिथे गांजा विकणाऱ्या दुकानांना कॉफीशॉप म्हणतात) गिऱ्हाइकाला ५ ग्रॅम देऊ शकतो पण त्याच्या दुकानात तो माल मागच्या दाराने येतो तो बेकायदा (आता काही शहरांत परवान्याने पिकवलेला माल पुरवायचा प्रयोग चालू आहे, तेवढा सोडून).

पोर्तुगालवर जरा जास्त वेळ घालवा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २००१ पासून तिथे स्वतःपुरता, म्हणजे साधारण १० दिवस पुरेल इतका माल सापडला तर तो फौजदारी गुन्हा नाही. पण परवानगी आहे असंही नाही! माल जप्त होतो, माणसाला एका समितीपुढे बसवतात, व्यसन आहे का ते बघतात, असेल तर उपचाराकडे वळवतात, कधीकधी दंडही होतो. विकणाऱ्याला मात्र सरळ जेल.

मग बघा की सूट नक्की कोणाला आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये गांजा कायदेशीर केला, पण फार्मसीतून महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत मिळतो तो नाव नोंदवलेल्या तिथल्या रहिवाशांनाच, टुरिस्टला नाही. सरकारी यादीत नाव टाकून मिळणारी मोकळीक मला तरी अर्धीच वाटते.

सिंगापूरमध्ये फाशीइतकंच महत्त्वाचं आहे की सिद्ध कोणी करायचं. १५ ग्रॅमपेक्षा जास्त गांजा सापडला की तुम्ही विकायलाच ठेवलाय असं कायदा धरून चालतो, तसं नव्हतं हे दाखवायचं काम तुमचं, आणि ५०० ग्रॅमच्या वर तस्करी ठरली तर फाशी. शिवाय तिथल्या नागरिकाने परदेशात, जिथे चालतं तिथे ओढला तरी घरी आल्यावर केस होऊ शकते.

आणि मोकळा देश म्हणजे ड्रग्जलाही मोकळा असं धरू नका. स्वीडनमध्ये बोलायचं-लिहायचं स्वातंत्र्य भरपूर, पण सेवन हाच गुन्हा, पोलीस संशयावरून लघवीची टेस्ट करू शकतात.

माहितीची तारीख बघितल्याशिवाय काही लिहू नका. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये परत प्रिस्क्रिप्शनवर आणला, अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२० च्या मतदानाने सगळ्याच ड्रग्जची किरकोळ बाळगणूक गुन्ह्यातून काढली आणि २०२४ मध्ये परत आत घातली, जुना लेख वाचून बसलात तर फसाल.

प्रवासासाठी बघत असाल तर दोन्ही टोकांचे कायदे वाचून भागत नाही, मधली बॉर्डरही बघा. कॅनडात गांजा २०१८ पासून लीगल, पलीकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातही लीगल, तरी सोबत घेऊन बॉर्डर ओलांडली तर गुन्हा. औषधांचंही तसंच, अॅडरॉल ही अमेरिकेत डॉक्टर लिहून देतात ती गोळी जपानमध्ये प्रिस्क्रिप्शन असलं तरी नेता येत नाही.