डेकेअरची वर्षअखेरीची पावती: आईबाबांचं लग्न झालेलं नसेल तर या चुका टाळा

जानेवारी लागला की घरी डेकेअर चालवणाऱ्या आम्हा बायकांचे फोन वाजायला लागतात. ‘टॅक्सची पावती कधी देताय?’ न्यू जर्सीत मी गेली बारा वर्षं घरीच मुलं सांभाळते, आणि आता या कामाचा मला सराव झाला आहे. मुलाचे आईवडील नवराबायको असले तर ते बहुतेक वेळा एकच रिटर्न भरतात. वर्षाची बेरीज करून कागद दिला की आपलं काम संपलं. पण दोघांचं लग्न झालेलं नसेल, तर ते एकत्र राहत असोत की वेगळे, रिटर्न दोनच भरावे लागतात. अशा वेळी आपल्या पावतीत ढिलाई झाली की भुर्दंड त्यांना पडतो. डेकेअरच्या खर्चावर आयकरातून जी सूट (क्रेडिट) मिळते, तिच्यासाठी एका मुलाचा जास्तीत जास्त ३,००० डॉलर आणि दोन किंवा अधिक मुलांचा ६,००० डॉलर खर्च धरतात. वीस टक्क्यांनी हिशेब केला तरी ते ६०० ते १,२०० डॉलर होतात. एकट्याच्या पगारावर मूल वाढवणाऱ्या आईसाठी ही रक्कम लहान नाही.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे. एका बाळाचे आईबाबा वेगळे राहत होते आणि दोघं मिळून महिन्याला ८०० डॉलर देत होते, आई ५०० आणि बाबा ३००. वर्षअखेरीला मी दोघांनाही ९,६०० डॉलरची एकेक पावती देऊन टाकली. दोघांनाही उपयोग होईल, एवढाच माझा विचार होता. बाबांनी आधी रिटर्न भरलं, त्यात मूलही दाखवलं आणि डेकेअरचा खर्चही. मग आईचं ई-फाइल परत आलं, कारण त्या मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच वापरला गेला होता. तिला कागदी रिटर्न पोस्टाने पाठवावं लागलं आणि रिफंडची वाट बघत कितीतरी दिवस काढावे लागले. मूल मात्र बहुतेक रात्री तिच्याच घरी झोपत होतं, म्हणजे हक्क तिचाच होता. तेव्हापासून ज्याने जेवढे दिले, त्याच्या नावावर तेवढीच पावती. त्या घरासाठी बरोबर पावत्या दोन होत्या, ६,००० ची आणि ३,६०० ची.

क्रेडिट कोणी घ्यायचं हे आपण ठरवायचं नाही. तरी नियम माहीत असावा, कारण लोक आपल्यालाच विचारतात. आईवडील वेगळे राहत असतील तर वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्याकडे राहिलं, त्याचा हक्क. रात्री अगदी समसमान निघाल्या तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा. फॉर्म ८३३२ इथे फार गोंधळ घालतो. त्यावर सही करून आई मुलाचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट बाबांना देऊ शकते, पण डेकेअरचं क्रेडिट त्या सहीने जात नाही, ते तिच्याकडेच राहतं. ‘माझ्याकडे ८३३२ आहे, मला पावती द्या’ असं बाबा म्हणाले तर त्यांनी दिलेल्या पैशांची पावती जरूर द्या. फक्त तिच्यावर हे क्रेडिट मिळेल असं कबूल करू नका.

दोघं लग्नाशिवाय एकाच घरात राहत असतील तर वेगळाच पेच पडतो. मूल दोघांपैकी एकाच्याच रिटर्नवर जातं, आणि त्या व्यक्तीने स्वतः भरलेली फीच धरली जाते. मूल आई दाखवणार आणि वर्षभर फी पाठवली बाबांनी, तर त्या पैशांवर कुणालाच क्रेडिट मिळत नाही. हे जानेवारीत लक्षात आलं की मग विनवणी सुरू होते: ‘ताई, पावतीवर फक्त नाव बदलून द्या ना.’ मन द्रवतं, पण द्यायचं नाही. पैसे ज्याच्याकडून आले त्याचंच नाव. चौकशी झाली तर बँकेचं स्टेटमेंट एक सांगेल आणि आपली सही दुसरंच. म्हणून मूल डेकेअरमध्ये घालताना, पहिल्याच दिवशी मी विचारते की रिटर्नवर मूल कोण दाखवणार, आणि शक्यतो त्याच माणसाच्या खात्यातून फी पाठवायला सांगते. जॉइंट खात्यातून पैसे आले तर पावतीवर खात्यावरची दोन्ही नावं लिहिते.

डिसेंबरच्या फीने तर मला दोन वर्षं छळलं. जानेवारीची फी कुणी ३० डिसेंबरलाच देतं. आपल्या शेड्यूल सी वर (धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म), रोख पद्धतीने, म्हणजे पैसे हातात आले तेव्हा धरून, हिशेब ठेवत असलो तर, ते त्याच वर्षाचं उत्पन्न. पालकाला मात्र आगाऊ दिलेली फी मूल प्रत्यक्ष सांभाळलं त्या वर्षातच धरता येते, म्हणजे पुढच्या. उलटंही होतं: डिसेंबरची थकलेली फी जानेवारीत आली तर ती पालकाच्या पुढच्या रिटर्नमध्ये, मागच्या वर्षाचा खर्च म्हणून वेगळ्या हिशेबाने जाते. आपली बेरीज आणि त्यांची बेरीज जुळत नाही म्हणून कुणी फोनवर आवाज चढवला तर घाबरू नका, दोन्ही बरोबर असू शकतात. पावतीवर पैसे मिळाल्याची तारीख आणि ते कोणत्या दिवसांच्या सांभाळण्याचे, हे दोन रकाने वेगळे ठेवले की वाद होत नाही. ज्यांचं ऑफिसमध्ये डिपेंडंट केअर एफएसए आहे (पगारातून करमुक्त पैसे बाजूला काढून सांभाळण्याच्या खर्चाला वापरायचं खातं; मर्यादा २०२५ पर्यंत ५,००० डॉलर, २०२६ पासून ७,५००) त्यांनाही हा दुसरा रकाना लागतोच. एफएसएमधून भागवलेला खर्च क्रेडिटच्या मर्यादेतून वजा होतो, पण तो हिशेब त्यांचा.

नंबर द्यायला कचरू नका. पालकाला क्रेडिट मागायच्या फॉर्म २४४१ वर आपलं नाव, पत्ता आणि टॅक्स नंबर लिहावा लागतो, आणि तो मागायला फॉर्म डब्ल्यू-१० आहे. तो भरून पालकाकडेच राहतो, आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) पाठवायचा नसतो. नंबर दिला नाही तर आपल्याला ५० डॉलर दंड होऊ शकतो. शिवाय पालक ‘मी मागितला, त्यांनी दिला नाही’ असं लिहून आपल्या नावपत्त्यासकट क्रेडिट मागू शकतो, म्हणजे लपवून काही साधत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर दहा घरांत जाऊ नये असं वाटणं साहजिक आहे, मलाही वाटायचं. त्यासाठी ईआयएन, म्हणजे धंद्याचा वेगळा टॅक्स नंबर, घ्या. आयआरएसच्या साइटवर तो फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका.

सरकारी सबसिडीतून आलेली रक्कम पालकाच्या पावतीत मिळवू नका, त्यांनी खिशातून दिलं तेवढंच लिहा. डिपॉझिट भरून मूल आलंच नाही आणि पैसे बुडाले, तर तो सांभाळण्याचा खर्च नव्हे. तीही ओळ वेगळी दाखवा.

चुकीची पावती गेलीच असेल तर नवी द्या, तिच्यावर आजची तारीख घाला आणि ‘आधीच्या अमुक तारखेच्या पावतीऐवजी’ असं स्पष्ट लिहा. दोघांनाही एकाच दिवशी कळवा, एकाला आधी आणि दुसऱ्याला मागून नको. रिटर्न भरून झालं असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करता येते. मूल दोघांनी दाखवलं असेल तर आयआरएसकडून सीपी८७ए नावाचं पत्र येतं. ते आलं की आई रडवेली होऊन फोन करते. तिला आधी सांगा की हे दंडाचं पत्र नाही. तिचा हक्क खरा असेल तर तिने काहीच करायचं नाही, चूक तिची असेल तर दुरुस्ती भरायची. आणि आपल्याकडच्या सगळ्या पावत्यांच्या प्रती, तारखांसकट, त्याच दिवशी तिला पाठवून द्या.