पोळीभाजी केंद्राचा ड्युटी चार्ट वहीतून मोबाइलवर

चारच माणसं असतील आणि रोज त्याच वेळेला येत असतील, तर वही सोडू नका. वहीची अडचण सुरू होते ती शिफ्ट बदलत्या असतात तेव्हा. चार्ट दुकानाच्या भिंतीवर असतो, माणूस दिवा स्टेशनजवळ घरी असतो, आणि रात्री दहाला मालकाला फोन येतो, "दादा, उद्या माझी सकाळ की दुपार?"

उदाहरणादाखल ठाण्याच्या नौपाड्यातलं एक पोळीभाजी केंद्र धरू. पोळ्या लाटणाऱ्या तीन मावशी, एक आचारी, त्याच्या हाताखाली एक मदतनीस, काऊंटरवर दोघं आणि डबे पोचवणारी दोन मुलं. एकूण नऊ माणसं. एवढ्यासाठी अ‍ॅप विकत घेण्याची गरज नाही. गुगल शीट्स आणि व्हॉट्सअ‍ॅप, दोन्ही फुकट, एवढ्यावर काम भागतं.

आधी जुनी वही वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग नवीन चार्ट दुसऱ्याच आठवड्यात बोंबलतो. मागच्या दोन महिन्यांची पानं उघडा. जिथे जिथे खाडाखोड आहे, तिथे ती का झाली ते आठवा. प्रत्येक खाडाखोडीमागे एक नियम असतो, जो फक्त मालकाच्या डोक्यात असतो. अमुक मावशींचा मुलगा सकाळच्या शाळेत, म्हणून त्या आठच्या आत येत नाहीत. काऊंटरवरच्या दोघांपैकी एकालाच रोकड मोजून बंद करता येते. आचारी आणि मदतनीस यांची सुट्टी एका दिवशी पडली तर भाजी कोण करणार?

हे सगळं साध्या वाक्यांत लिहून काढा. सकाळी किमान किती माणसं हवीत, दुपारी किती, कोणाच्या जागी कोण चालतं. ठाण्यात यात रविवारची एक बाब हमखास येते, ती म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी काही तास लोकलचा मार्ग बंद. मध्य रेल्वे त्याचं वेळापत्रक आधी जाहीर करते. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की त्या कळव्याला थांबत नाहीत, म्हणजे सगळ्यात जवळ राहणारा माणूसच सगळ्यात उशिरा पोचतो. ब्लॉकच्या रविवारी कळवा-मुंब्र्याच्या लोकांना सकाळची शिफ्ट लावायची, असा नियम कागदावर आला की दर आठवड्याची वादावादी वाचते.

आता शीट मांडा

पहिली मांडणी कॉम्प्युटरवर करा, मोबाइलवर डोळे फुटतात. डावीकडे नावं, वर तारखा आणि वार, एका आठवड्याला एक पान. सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये देश भारत निवडा, नाहीतर 3/4 लिहिलं की 3 एप्रिलऐवजी 4 मार्च होऊन बसतो.

चौकटीत वेळा लिहू नका, खुणा लिहा. ‘स’ म्हणजे सकाळी 6.30 ते 2.30, ‘दु’ म्हणजे दुपारी 2 ते 10. सुट्टीला ‘सु’ लावू नका, लहान स्क्रीनवर ‘स’शी गल्लत होते, ‘ऑफ’ लिहा. या खुणांची ड्रॉपडाऊन यादी करून ठेवा, म्हणजे कोणी ‘सकाळ’, कोणी ‘सका.’ असं लिहिणार नाही. खुणांचा आणखी एक फायदा म्हणजे तास मोजायला वेळांची वजाबाकी करावी लागत नाही. काउंटइफ हे सूत्र ‘स’ किती आणि ‘दु’ किती ते मोजतं, त्याला आठाने गुणलं की आठवड्याचे तास आले.

तेच सूत्र उभ्या रांगेतही लावा, म्हणजे त्या दिवशी सकाळी किती माणसं आहेत ते तळाला दिसेल. आकडा कमी पडला की ती चौकट लाल व्हावी, अशी सोय कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये असते. पूर्ण चार्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, कारण माणूस कमी आहे हे शनिवारी सकाळी शटर उघडल्यावर नाही, गुरुवारी चार्ट लावतानाच कळतं.

तासांची रांग आणखी एका कारणासाठी हवी. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, आठवड्याची सुट्टी द्यावी लागते आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे. आठ तासांच्या सहा शिफ्ट म्हणजे बरोबर 48. त्यावर लग्नाची ऑर्डर आली म्हणून एक संध्याकाळ थांबवलं की ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सुरू. कर्मचारी थोडे असतील तर यातली बरीच कलमं लागू होत नाहीत, आणि दिवसाच्या तासांचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा तुमचं गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, ज्याने काढून दिलं त्याला एकदा विचारून घ्या.

ठरलेलं वेगळं, झालेलं वेगळं

वहीत ड्युटी आणि हजेरी एकाच पानावर असते. डिजिटल करताना लोक तसंच करतात, आणि कोणी आलं नाही की ‘स’ पुसून तिथे ‘खाडा’ लिहितात. झालं, मूळ चार्टच गेला. महिनाअखेर पगार काढताना ‘मला त्या दिवशी ड्युटीच नव्हती’ म्हणणाऱ्याला दाखवणार काय? तेव्हा चार्टच्या पानाची नक्कल करा आणि तिला ‘हजेरी’ नाव द्या. खाडा, हाफ डे, बदली, ओटी सगळं तिथे. खाडा आणि सांगून घेतलेली रजा यांना दोन वेगळ्या खुणा ठेवा. पगार हजेरीवरून काढायचा. उचल, पगाराचा आकडा, आधार क्रमांक हे या फाइलमध्ये अजिबात नको, ती सगळ्यांना दिसणार आहे.

बदल कोण करणार

एकच माणूस. फार तर त्याच्या गैरहजेरीत दुसरा. बाकी सगळ्यांना फाइल फक्त पाहण्यापुरती शेअर करा. सगळ्यांना बदलायची मुभा देणं दिसायला मोकळेपणाचं आहे, पण एका चुकीच्या टचने अख्खी रांग उडते. उडालीच, तर कॉम्प्युटरवर व्हर्जन हिस्टरीतून आधीची प्रत परत आणता येते.

अदलाबदलीचा नियमही आत्ताच ठरवा. दोघांनी आपसात ठरवावं, दोघांनीही मेसेज करावा, आणि चार्टवर दिसेपर्यंत बदल झाला असं धरू नये.

चार्ट लोकांपर्यंत

मावशींना लिंक पाठवून उपयोग नाही. शीटचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि त्यावर ‘गुरुवार, सायं. 6 वाजता काढलेला’ असं लिहा, म्हणजे जुना कोणता, नवा कोणता ते कळेल. चार्टसाठी वेगळा ग्रुप करा, फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकू शकेल अशी सेटिंग ठेवा, आणि चार्टचा मेसेज सात दिवसांसाठी पिन करा. गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसाचे केक जुन्या ग्रुपमध्येच राहू द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वाचता येत नाही, त्यांना काऊंटरवरच्याने चार्ट निघाल्या दिवशीच वाचून दाखवायचा, हे त्याचं काम म्हणून सांगून ठेवा. भिंतीवर एक छापील प्रतही लावा. त्यात काही कमीपणा नाही.

बदलायचं कधी

पहिला पूर्ण महिना वही आणि शीट दोन्ही चालू ठेवा, आणि पगार दोन्हींवरून काढून ताळा जमतो का बघा. जमला की वही बंद. सुरुवात गणपतीच्या तोंडावर मात्र करू नका. निम्मी माणसं कोकणात जातात, आणि तो चार्ट कुठल्याच पद्धतीत सरळ लागत नाही. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. त्या रजा कोणाला हव्यात हे जुलैमध्येच एका वेगळ्या पानावर, मागितल्याच्या तारखेसह लिहून घ्या. ‘मी आधी सांगितलं होतं’चा निकाल तारीख लावते.

उद्या घोडबंदर रोडला दुसरी शाखा निघाली आणि माणसं इकडून तिकडे फिरू लागली, तर शीट अपुरी पडेल. तेव्हा शिफ्टचं अ‍ॅप बघा. पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: स्टाफच्या मोबाइलवर मराठी दिसतं का, शुल्क माणशी आहे की दुकानामागे, आणि सोडायचं झालं तर आपली सगळी हजेरी एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का.