अ‍ॅम्पचा आवाज कुठल्या गावचा, हे कानानं कसं ओळखायचं

मी भुसावळचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. नवी पोरं विचारतात, "दादा, अमेरिकन टोन लावू का ब्रिटिश?" अमेरिकन म्हणजे फेंडर, ब्रिटिश म्हणजे व्हॉक्स आणि मार्शल; या गिटारचा आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपन्या. मी सांगतो, स्क्रीनवरचं नाव वाचू नको, आधी ऐक.

मल्टिइफेक्ट म्हणजे अशा अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डबा. त्यातलं कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू ठेवा, नाहीतर मिक्सरमधून डब्यात कोंडलेला भुंगा ऐकू येतो. बेस, मिड, ट्रेबल, म्हणजे खालचा, मधला, वरचा आवाज, मध्यावर. गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण, इतकाच, की हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ आणि झटका मारला तर फाटेल. मग ए कॉर्ड मारा आणि आवाज मावळेपर्यंत हात लावू नका.

फेंडरचा साठच्या दशकातला ट्विन रिव्हर्ब लावलात तर मिड पोकळ, वर काचेसारखी किणकिण, आणि फाटायला फार वेळ लागतो. व्हॉक्स एसी 30 मध्ये चार ईएल 84 व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आहेत, पॉवरच्या भागात निगेटिव्ह फीडबॅक (आवाज काबूत ठेवायला त्याचा थोडा भाग उलटा परत देणं) नाही. तो लवकर चिडतो, पण चिडल्यावरही तारा वेगवेगळ्या कळतात. मार्शलचा मिड मात्र छातीवर येतो.

गंमत म्हणजे हा मार्शल जन्मानं अर्धा अमेरिकन. 1962 च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम 45 बनला, तो फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवूनच. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर, मागून उघडे. मार्शलनं सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. पुढे व्हॉल्व्हही ईएल 34 आले. वांगं तेच, पण एक गॅसवर भाजलं आणि एक कपाशीच्या पऱ्हाटीवर. आपल्याकडे भरीत खाणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. पण वांगं, म्हणजे सर्किट, तेच असल्यानं जुना बासमन कानाला ट्विनपेक्षा मार्शलच्या जवळचा वाटतो, दोघं फेंडर असूनही.

मंडपात ढोल आणि कीबोर्ड सुरू झाले की ट्विनचा पोकळ मिड गायब होतो. तिथं मी मार्शल लावतो, गेन घरच्यापेक्षा कमी, मिड थोडा वर. घरी एकट्यानं वाजवताना भारी वाटणारा गेन मंडपात नुसती खरखर होतो.

खरा जुना अमेरिकन अ‍ॅम्प हाती लागला, तर मागची पाटी वाचा. मी न वाचताच 120 व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये घातला होता. ठप्प झाला, फ्यूज गेला, वर जळका वास. आता व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर गाडीतच असतो.