गाडीत दुसरी बॅटरी जोडताना

रात्रभर फ्रिज चालवून सकाळी गाडी एका सेल्फात सुरू व्हायला हवी, तर दुसरी बॅटरी पहिलीला नुसती जोडून भागत नाही. दोन्ही सोबतच उतरतात.

आधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बघा. जुन्या गाडीत तो सतत 14 व्होल्टच्या आसपास देतो, तिथे व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, पुरतो. तो साधारण 13.3 व्होल्टला जोडतो, 12.8 ला तोडतो. बीएस-6 च्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मध्येच पाडतो, रिले सुटतो आणि दुसरी बॅटरी अर्धीच भरते. तिथे डीसी-डीसी चार्जरच घ्या, तो अल्टरनेटरचं व्होल्टेज पडलं तरी दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं वाढवून देतो.

परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बॉनेटखाली बॅटरी भाजून निघते, लिथियम तर तिथे नकोच. मागे डिकीत सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी) बसवा, पट्टीने घट्ट आवळून. साधी ॲसिडची आत नको, चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

काम सुरू करताना मुख्य बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. 100 ॲम्पिअरच्या रिलेला 25 चौरस मिमीची तांब्याची केबल आणि दोन्ही पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात एकेक 100 ॲम्पिअरचा फ्यूज. एकावर भागवू नका: केबल कुठे घासली तर बिनफ्यूजच्या टोकाकडून करंट येतच राहतो, आग तिथेच लागते. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

अर्थिंगच्या जागी, म्हणजे निगेटिव्ह केबल बॉडीच्या पत्र्याला जोडता तिथे, रंग पार खरवडा, बोल्ट आवळून वर ग्रीस लावा; काळ्या मातीचा चिखल बसला की गंज तिथूनच धरतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावा. रिले जोडल्यावर दोन्ही बॅटऱ्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर लग (केबलच्या टोकाची जोडणी) ढिला आहे किंवा अर्थिंग कच्चं.