सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचा पोत कसा ओळखावा

आधी ताजा तुकडा काढा. डोळ्यांना गॉगल लावून हातोड्याने कोपरा फोडा. बाहेरची तपकिरी साल झिजलेली असते, तिच्यावरून कणांचा आकार ठरवू नये. तुटलेली बाजू ओली करा, म्हणजे स्फटिकांच्या कडा उठून दिसतात.

१० पट भिंग डोळ्याला टेकवून धरा आणि दगड जवळ आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. बाजूला पट्टी ठेवून मोजा: १ मिलिमीटरपेक्षा लहान कण सूक्ष्म, १ ते ५ मध्यम, त्यापुढे मोठे. लाव्हा उघड्यावर लवकर थिजतो, म्हणून बेसाल्टचे, म्हणजे आपल्या या काळ्या दगडाचे, कण बारीक. खोलवर सावकाश निवालेल्या ग्रॅनाईटचे मोठे.

खरी गल्लत पांढऱ्या ठिपक्यांत होते. ते प्लेजिओक्लेज या पांढरट खनिजाचे स्फटिक असू शकतात किंवा लाव्हातल्या वायूच्या पोकळीत नंतर भरलेलं झिओलाइट अथवा कॅल्साइट हे खनिज. तुकडा उन्हात हळूहळू फिरवा. स्फटिकाच्या कडा सरळ असतात आणि एका कोनात त्याचा सपाट पृष्ठभाग लख्ख चमकतो. भरलेली पोकळी गोल किंवा लांबट असते, काठाला बऱ्याचदा हिरवं अस्तर असतं. पहिल्याला पॉर्फिरिटिक पोत म्हणा, दुसऱ्याला अमिग्डलॉइडल. दोन्ही एकाच तुकड्यात असतील तर दोन्ही नोंदवा.

कसारा घाटात काही थरांत प्लेजिओक्लेज चक्क सेंटिमीटरांत मोजावं लागतं. तरी तो खडक मोठ्या कणांचा नव्हे! वर्गवारी मधल्या बारीक काळ्या भागावरून करायची, मोठे स्फटिक वेगळे लिहायचे.