यूव्ही खाल्लेले बॅक्टेरिया परत कसे उठतात ते बघायचंय? मग आधी खिडकी झाका

पहिली गोष्ट, हे प्रॅक्टिकल पावसाळ्यात करू नका. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर चपलांनासुद्धा बुरशी येते, प्लेटवर ई. कोलाय या बॅक्टेरियाऐवजी हिरवी लोकर उगवते, आणि लाइट गेली की इन्क्युबेटर गार. डिसेंबर-जानेवारी बरा.

लॅबमधला निरुपद्रवी ई. कोलाय घ्या, रात्रभर वाढवलेला, सेंट्रिफ्यूज करून सलाइनमध्ये मिसळा. ब्रॉथमध्येच, म्हणजे वाढवायच्या पोषक द्रवात, ठेवलात तर ब्रॉथच यूव्ही पिऊन टाकतो. पेट्री डिशमध्ये पातळ थर ओता, झाकण काढा (झाकणातून 254 नॅनोमीटरचा यूव्ही जात नाही, दरवर्षी कोणीतरी विसरतंच), आणि यूव्ही दिव्याखाली 10, 20, 30 सेकंद, डिश हलवत. गॉगल, फुल बाह्या, ग्लोव्हज, यात हयगय नको.

आता खरी गंमत. दिवा बंद केल्याक्षणी खोलीत फक्त लाल बल्ब हवा. आम्ही बीएस्सीला असताना दोन टेबलांचे आकडे जुळेनात, सर म्हणाले पिपेटिंग शिका आधी, आणि नंतर कळलं की एक टेबल खिडकीपाशी होतं! 1949 मध्ये आल्बर्ट केल्नर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचंही असंच झालेलं, यूव्ही दिलेल्या स्ट्रेप्टोमायसिस या बॅक्टेरियाचे आकडे वरखाली होत होते आणि कारण निघालं उजेड, त्यात बॅक्टेरिया यूव्हीची इजा दुरुस्त करतात.

तर लाल उजेडातच सस्पेन्शनचे (त्या सलाइन-बॅक्टेरियाच्या मिश्रणाचे) दोन भाग करा, एक ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळा, दुसरी पांढऱ्या ट्यूबलाइटखाली अर्धा तास. थेट उन्हात नको, तापते. यूव्हीने शेजारशेजारचे दोन थायमीन एकमेकांना चिकटतात, डीएनएची कॉपी तिथे अडते, आणि फोटोलायेज नावाचं एन्झाइम निळ्या उजेडाच्या जोरावर ती गाठ थेट सोडवतं, काही कापाकापी नाही. फॉइलवाल्यांना उजेड नाही, म्हणून ते सगळे मरतात असंही नाही हां, त्यांच्याकडे यूव्हीआर-ए, बी, सी हे प्रोटीनचं त्रिकूट आहे, 12-13 बेसचा तुकडाच कापून काढतात, मग पॉलिमरेज भरतं, लायगेज शिवतं. फारच नुकसान असेल तर आरईसी-ए हे प्रोटीन जागं होतं, ब्रेक लावून बसलेलं लेक्स-ए तुटतं, एसओएस ही आणीबाणीची यंत्रणा चालू, कशीबशी कॉपी मारायची, चुका झाल्या तर झाल्या. म्हणून जगलेल्यांत म्युटेशन जास्त.

डायल्यूशन करून (टप्प्याटप्प्याने पातळ करून) प्लेटा लावा, तेही लाल उजेडात, 37 डिग्रीला 24 तास. यूव्ही न दिलेला कंट्रोल हवाच, बाकीच्या कोलन्यांच्या आकड्याला कंट्रोलच्या आकड्याने भागल्याशिवाय अर्थ नाही. कोलन्या मोजताना कंटाळा येतो, मार्करने मागून टिंब देत जा. उजेडातल्या ट्यूबच्या कोलन्या जास्त यायला हव्यात, सारख्याच आल्या तर फॉइलला भोक बघा, नाहीतर यूव्हीच कमी पडला असेल. आणि प्लेटा बेसिनमध्ये धुऊ नका, आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा.