शिकवायची आवड वर्षानुवर्षं कशी टिकवायची?

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सगळेच जोमात असतात, खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १८ वर्षं शिकवतेय आणि मधली तीनेक वर्षं अशी गेली की सकाळी गाडी काढतानाच जिवावर यायचं. त्यातून बाहेर येताना मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

पहिलं काम म्हणजे नक्की कशाचा कंटाळा आलाय ते शोधा. आठवडाभर रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहायच्या, आज किती वेळ मुलांमध्ये गेला आणि किती वेळ यू-डायसची माहिती (सरकारला ऑनलाइन भरून द्यायची शाळेची आकडेवारी), पोषण आहाराच्या नोंदी, आधारचे घोळ आणि ग्रुपवर आलेल्या "तात्काळ सादर करा" मध्ये गेला. मला पाचव्या दिवशी कळलं की मुलांचा कंटाळा मला आलेलाच नव्हता! शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये, ते माहीत असू द्या, पण शाळेच्या स्वतःच्या नोंदी तर कराव्याच लागतात ना. मग त्यांना एक वेळ ठरवून द्या. मी शाळा सुटल्यावरचा पाऊण तास ठेवलाय, आणि तास चालू असताना फोन कपाटात. सुरुवातीला दोन-तीनदा बोलणी खाल्ली, नंतर सगळ्यांना सवय झाली.

आता दुसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. एक वही करा आणि त्यात मुलांची चुकलेली उत्तरं लिहा. बरोबर आलेली नकोत, चुकलेलीच.

तिसरीतला एक मुलगा ५२ वजा २७ चं उत्तर दरवेळी ३५ लिहायचा. मी लाल फुली मारायची, हातच्याचं परत समजावून सांगायची, तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत ३५. एकदा फुली न मारता त्याच्या शेजारी खाली बसले आणि विचारलं, कसं केलंस रे? तर म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." म्हणजे पोरगं विचार करत होतं, स्वतःचा नियम काढून बसलं होतं आणि मी इतके दिवस त्याला निष्काळजी समजत होते. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, यातून सत्तावीस दे मला. दोन गठ्ठे लगेच दिले. मग सात सुट्या काड्या शोधायला लागला, मिळेनात, बराच वेळ गठ्ठ्याच्या रबराशी चाळा करत बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, एक गठ्ठा सोडू का?"

तो दिवस मी विसरणार नाही. त्याने रबर काढलं तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही प्रेरणादायी भाषणातून कधी वाटलं नव्हतं. म्हणून सांगते, रोज एकाच मुलाला "कसं केलंस?" विचारा, पाच मिनिटं लागतात. उत्तर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, कारण संध्याकाळपर्यंत आपण त्याचं आपल्या भाषेत भाषांतर करून टाकतो.

पुढचं, वर्षाला एकच नवीन गोष्ट धरा. प्रशिक्षणाहून आलं की दहा उपक्रम एकदम सुरू करायचे आणि ऑगस्टमध्ये सगळे बंद, हे मी खूपदा केलंय आणि त्यानेच जास्त दमायला होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यांनी आपल्या शाळेच्या पुस्तकांत क्यूआर कोड टाकायला सुरुवात केली आणि नंतर राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. धरली ती एकच गोष्ट, पण लावून धरली. त्यांनी बक्षिसाच्या १० लाख डॉलरमधले निम्मे अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटले, मला तर तेच जास्त भावलं.

कारण एकट्याने हे काम फार वर्षं होत नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला एके काळी राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे, तेवढं लांब जायची गरज नाही, शेजारच्या शाळेत दोन-तीन महिन्यांतून एकदा एक तास मागे बसून बघा. शिकवणाऱ्याकडे नको, मुलांकडे बघायचं. आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी बदल्या आणि पगाराच्या फरकाच्या बिलांशिवाय आपल्या वहीतलं एक चुकलेलं उत्तर तरी काढा. मी ते ३५ सांगितलं तर तिथल्या तिथे चौघांकडे तसलीच मुलं निघाली.

घसा जपा, पाणी जवळ ठेवा, दर तासाला ओरडून शिकवू नका, आवाज गेला की चिडचिड आपोआप येते.

सुट्टीत ती वही एकदा सलग वाचा. ज्या मुलाचं नाव वर्षभरात एकदाही आलेलं नाही, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्याच्याच शेजारी जाऊन बसा.